गोल्फच्या मैदानासाठी ड्रोन घ्यावा का, आणि घेतलाच तर त्याच्याकडून काय काढून घ्यावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईतल्या एका अठरा होलच्या मैदानाच्या समितीवरचे सदस्य विचारतात: एका पुरवठादाराने मल्टिस्पेक्ट्रल कॅमेऱ्याच्या (डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाशही टिपणाऱ्या) ड्रोनने दर महिन्याला गवताच्या तब्येतीचा लाल-हिरवा नकाशा करून द्यायचा प्रस्ताव ठेवलाय. मैदानाची निगा राखणारा ग्रीनकीपर म्हणतो, मला त्याची गरज नाही, मैदान माझ्या पायाखालचं आहे. समितीतल्या काहींना वाटतं की दर महिन्याला पैसे मोजण्यापेक्षा स्वतःचाच ड्रोन घेऊन टाकावा. तर काय करावं?

यात तीन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत: तुमच्या मैदानावर ड्रोन उडवता येतो का, वरून काढलेल्या फोटोत कळण्यासारखं काय असतं, आणि ते कळल्यावर कोणी काय करायचं. पुरवठादार मधल्याबद्दलच बोलतोय. ग्रीनकीपरचा आक्षेप तिसऱ्याबद्दल आहे, आणि तो पुष्कळसा बरोबर आहे. पहिल्याबद्दल कोणीच बोललेलं दिसत नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मुंबईत आधी आकाश बघायचं, मग मैदान. ड्रोन नियम 2021 प्रमाणे आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल पट्ट्यांत वाटलेलं आहे. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंत, म्हणजे साधारण 60 मीटरपर्यंत हिरवा, म्हणजे मोकळा असतो. 5 ते 8 किलोमीटरमध्ये जमिनीपासूनच पिवळा, तिथे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. लाल पट्ट्यात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काही उडत नाही. आता चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचा विचार करा: एका अंगाला सांताक्रूझचा विमानतळ, दुसऱ्या अंगाला माहुलच्या रिफायनऱ्या, त्यापलीकडे ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र. कुलाब्याच्या यूएस क्लबचं मैदान तर नौदलाच्या वस्तीतच आहे. खारघरच्या मैदानाने नवी मुंबईच्या विमानतळामुळे नकाशा नव्याने तपासायला हवा. तुमचं मैदान कोणतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे एवढंच सांगतो: डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर मैदानाची चारही टोकं टाकून बघा, मधला एक बिंदू टाकून भागत नाही. पहिला होल पिवळ्यात आणि बारावा लाल पट्ट्यात असं होऊ शकतं.

याच्या वर मुंबई पोलिसांचे आदेश असतात. ड्रोन, पॅराग्लायडर वगैरेंवर बंदी घालणारे हे आदेश ठरावीक मुदतीचे असतात, आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली निघतात, आणि एकाची मुदत संपली की बऱ्याचदा पुढचा निघतो. म्हणून डिजिटल स्कायवर हिरवं दिसलं तरी स्थानिक पोलीस ठाण्याची लेखी परवानगी हातात ठेवायची. ‘250 ग्रॅमच्या आतला आहे, त्याला काही लागत नाही’ हे वाक्य बाजारात फार ऐकू येतं. त्या वजनाला वैमानिकाचं प्रमाणपत्र लागत नाही हे खरं, पण लाल-पिवळ्या पट्ट्यातून सूट मिळत नाही. त्यावरच्या वजनाचा ड्रोन क्लबच्या कामासाठी पैसे देऊन उडवून घेणार असाल, तर प्रमाणपत्रधारक वैमानिक, ड्रोनचा नोंदणी क्रमांक आणि त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा, या तिन्हींच्या प्रती फाइलला लावा. 9 फेब्रुवारी 2022 पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. ‘ओळखीतून आणून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागलात तर नोंदणीपाशीच गाडं अडेल.

परवानगी मिळण्यासारखी नसेल तर विषय संपत नाही. 8-9 मीटरच्या सरकत्या काठीवर कॅमेरा लावून एकेका ग्रीनचे (होलभोवतीच्या अगदी बारीक छाटलेल्या हिरवळीचे) फोटो छान येतात, काठी म्हणजे ड्रोन नव्हे. मैदानाभोवती वीस-वीस मजल्यांचे टॉवर असतील तर एखाद्या सोसायटीच्या गच्चीवरून, रीतसर विचारून, दर महिन्याला त्याच जागेवरून फोटो घेता येतो. तिरका असला तरी तुलनेला चालतो. सेंटिनेल-2 उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात आणि साधारण पाच दिवसांनी नवी येतात, पण त्यातला एक ठिपका 10 मीटर गुणिले 10 मीटरचा. 500 चौरस मीटरच्या ग्रीनमध्ये असे पाचच ठिपके. फेअरवेपुरतं, म्हणजे ग्रीनपर्यंत जाणाऱ्या लांब छाटलेल्या पट्ट्यापुरतं ठीक आहे, ग्रीनसाठी बिनकामाचं.

आता उडवता येतं असं धरून पुढे जाऊ.

साध्या कॅमेऱ्याच्या ड्रोनने किती बारीक दिसतं याचा हिशोब सोपा आहे, आणि तो समितीतल्या एकाने तरी स्वतः करून बघावा. एक इंची सेन्सर घ्या: रुंदी 13.2 मिमी, लेन्स 8.8 मिमी, फोटो 5472 ठिपके रुंद. 60 मीटर उंचीवरून एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे 1.64 सेंमी. एका फोटोत साधारण 90 गुणिले 60 मीटर जमीन मावते. फोटो जोडून सलग नकाशा करायचा तर उडण्याच्या दिशेने 80 टक्के आणि बाजूला 70 टक्के एकमेकांवर चढवावे लागतात, म्हणजे दर 12 मीटरला एक फोटो आणि दोन फेऱ्यांत 27 मीटर अंतर. मैदान 40 हेक्टरचं असेल तर सुमारे 15 किलोमीटर उड्डाण आणि साडेबाराशेच्या आसपास फोटो. सेकंदाला 5 मीटर वेगाने 50 मिनिटं, वळणं वेगळी. तीन-चार बॅटऱ्या. शटर सेकंदाचा पाचशेवा भाग ठेवलं तर तेवढ्या वेळात ड्रोन 1 सेंमी सरकतो, म्हणजे अस्पष्टपणा एका ठिपक्याच्या आत राहतो. त्याहून मंद शटर ठेवलं की गवत लोण्यासारखं दिसतं आणि सॉफ्टवेअरला जोडायला खुणा सापडत नाहीत. एकसारख्या छाटलेल्या फेअरवेवर खुणा तशाही कमीच असतात, तिथे बाजूची चढण 75 टक्के करा.

म्हणजे सगळं आकाश मोकळं असेल तर अर्ध्या सकाळचं काम. त्यानंतर वेबओडीएम या मोफत सॉफ्टवेअरमध्ये किंवा पैसे मोजायचे असतील तर मेटाशेपमध्ये नकाशा जोडायचा आणि क्यूजीआयएस या नकाशे मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायचा. मुंबईसाठी यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीचा पट्टा 43 उत्तर निवडायचा, नाहीतर मोजलेली क्षेत्रफळं भलतीच येतात.

या नकाशात काय बघायचं? इथे लोक थेट रंगाकडे जातात. मी आधी आकार बघतो. रोगाला, किडीला, निसर्गाला सरळ रेषा काढता येत नाहीत. रेषा, किंवा स्प्रिंकलरभोवती कमान, वर्तुळ दिसलं की तिथे बहुधा माणूस किंवा यंत्र जबाबदार असतं, आणि ते दुरुस्त करणं सर्वांत स्वस्त असतं.

एक उदाहरण जवळून बघू, कारण मुंबईत नोव्हेंबर ते मे या काळात सगळा खेळ पाण्याचाच असतो. फेअरवेवर स्प्रिंकलरच्या डोक्याभोवती फिकट पट्टा, मग हिरवं कडं, मग पुन्हा फिकट, असं चकलीसारखं दिसतंय. उभ्याने बघताना तिथे ‘थोडं कोरडं’ एवढंच वाटतं. वरून बघितलं की कडं उठून दिसतं. याचं कारण बहुतेक वेळा कमी दाब. दाब पुरेसा नसला की पाण्याची धार नीट फुटत नाही, मोठे थेंब एकाच अंतरावर पडतात आणि जवळचा व मधला भाग उपाशी राहतो. उलट, डोक्याजवळच हिरवं गोळा झालंय आणि टोकं वाळलीत, तर दाब जास्त होऊन धुकं उडतंय किंवा नोझल झिजलंय. अर्धं वर्तुळ हिरवं आणि कापल्यासारखी सरळ कड दिसली, तर अर्ध्या फेरीच्या डोक्याचा कोन सरकलाय. पाणी फेअरवेऐवजी रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, किंवा गाडीरस्त्यावर चाललंय. दोन डोक्यांच्या मधोमध पतंगाच्या आकाराचा कोरडा चौकोन असेल, तर एकाचा फवारा दुसऱ्याच्या पायापर्यंत पोचत नाही. आणि एका ओळीतली सगळीच डोकी फिकट असतील, तर नोझल बदलत बसू नका, त्या ओळीचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडतोय किंवा पाइप गळतोय.

नकाशावर अशी जागा सापडली की काम संपलेलं नसतं. तिथे जाऊन डोक्यावर दाबमापक लावायचा, आणि फवाऱ्याच्या टप्प्यात दर 3 मीटरवर सारख्या तोंडाचे डबे मांडून दहा मिनिटं पाणी चालवायचं. डब्यांतलं पाणी मोजलं की नकाशाने सांगितलेलं खरं की खोटं ते तिथेच कळतं. याचा पैशांतला अर्थही समितीला सांगा. एप्रिल-मेमध्ये गवताची तहान दिवसाला 5 मिमी धरली, तर एका हेक्टरला 50 हजार लिटर लागतात. पाणी द्यावं लागणारं क्षेत्र 20 हेक्टर असेल तर दिवसाला 10 लाख लिटर. फवारा असमान आहे म्हणून कोरड्या कोपऱ्यासाठी सगळीकडे 10 टक्के जास्त सोडलं, तर रोज 1 लाख लिटर, म्हणजे 10 हजार लिटरचे दहा टँकर उगाच गेले. पाणी विहिरीचं किंवा प्रक्रिया केलेलं सांडपाणी असलं तरी पंपाचं वीजबिल आहेच, आणि क्षारही तेवढेच जास्त पडतात.

बाकीचे आकार भराभर. मोअरच्या (गवत कापायच्या यंत्राच्या) दिशेने समांतर पट्टे दिसले तर पातं वाकडं बसलंय किंवा खताच्या यंत्राच्या दोन फेऱ्यांत अंतर राहिलंय; पट्ट्याची रुंदी मोजा, ती मोअरच्या रुंदीशी जुळते की खतयंत्राच्या हे बघितलं की दोषी सापडतो. ग्रीनच्या कडेने फिकट कडं असेल तर शेवटच्या गोल फेरीत मोअर रोज त्याच चाकोरीतून वळतोय. टीपासून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेपासून फेअरवेकडे जाणारी पायवाट ही पायांची. झाडाच्या एकाच बाजूला, बहुधा उत्तरेला किंवा पश्चिमेला विरळ गवत असेल तर सावलीचा संशय घ्या, आणि सकाळी 8 व दुपारी 4 ला एकेक फोटो काढून तो फेडून घ्या. सावलीवर उपाय म्हणजे फांद्या छाटणं, आणि त्यासाठी 1975 च्या झाडांच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. वरून काढलेला फोटो अर्जाला जोडला तर नेमकी फांदी दाखवता येते.

आकार नसलेलं, वेडंवाकडं, ठिपक्याठिपक्यांचं जे उरतं तिथे जैविक कारण शोधायचं. रुपयाच्या नाण्याएवढे पांढुरके डाग ग्रीनवर असतील तर डॉलर स्पॉट या बुरशीरोगाची शक्यता, 1.6 सेंमीच्या नकाशात ते धूसर दिसतात, नीट बघायला 15 मीटरवर उतरावं लागतं. पावसाळ्यानंतर फेअरवेवर फिकट चट्टे आणि त्यांवर साळुंक्या, बगळे जमलेले दिसले तर चट्टा चाकूने चारी बाजूंनी कापून गवत उचलून बघा. चटईसारखं सहज उचललं गेलं तर खाली हुमणी आहे. रातोरात पसरत जाणारी खाल्लेली कड असेल तर लष्करी अळी. ती संध्याकाळी बाहेर येते, बादलीभर साबणाचं पाणी ओतलं की पाच-दहा मिनिटांत वर चढते. यातलं काहीही ड्रोनने ओळखलेलं नाही हे लक्षात घ्या. त्याने 40 हेक्टरमधली पाच ठिकाणं दाखवली, ओळखलं चाकूने आणि बादलीने. तुमचा ग्रीनकीपर हे करतोच. त्याला नकाशा दाखवताना ‘तुझं काय चुकलं’ या सुरात दाखवलात, तर तो पुढच्या वेळी बघणार नाही, आणि मग ड्रोनचे पैसे पाण्यात.

आता क्षेत्रफळ. मला विचाराल तर पहिल्याच उड्डाणात पैसे वसूल होतात ते इथे, आणि याची जाहिरात कोणी करत नाही. बहुतेक मैदानांवर ग्रीनचं क्षेत्रफळ जुन्या आराखड्यातलं किंवा अंदाजाचं असतं. शेवटची गोल फेरी दर वेळी किंचित आतून घेतली जाते, बाहेरचं गवत कॉलरमध्ये, म्हणजे ग्रीनभोवतीच्या जरा उंच गवताच्या कडेत जातं आणि ग्रीन वर्षागणिक आक्रसत जातात. 13.5 मीटर त्रिज्येच्या ग्रीनची कड 30 सेंमी आत आली की 25 चौरस मीटर गेले, 4 टक्क्यांहून जास्त. समजा तुमच्याकडे अठरा ग्रीनचं क्षेत्र 10,800 चौरस मीटर लिहिलेलं आहे आणि नकाशावर मोजून 9,400 भरलं. चौरस मीटरला 3 ग्रॅम नत्राची मात्रा ठरवली असेल तर युरिया 61 किलो हवा होता, तुम्ही 70 किलो टाकत होता. बुरशीनाशकाचंही तेच प्रमाण, आणि 1 मिमी वाळूचा थर दिला तर 1.4 घनमीटर वाळू फाजील. हे मोजायला ना इन्फ्रारेड लागतो ना दर महिन्याचा करार. वर्षातून एकदा क्यूजीआयएसमध्ये कडेकडेने रेघ मारली की झालं. जुन्या कडेची रेघ नव्या नकाशावर ठेवून ग्रीन पुन्हा बाहेर वाढवताही येतं. मात्र कॉलर साध्या हरळीची आणि ग्रीन टिफड्वार्फ या बुटक्या संकरित हरळीची असेल तर नुसती उंची कमी करून भागत नाही, तिथे गवताची लादी बदलावी लागते.

पावसाळ्याचं काम वेगळं. सांताक्रूझला एकट्या जुलैत सरासरी 800 मिमीच्या वर पाऊस पडतो, तेव्हा ‘निचरा चांगला आहे का’ या प्रश्नाला उत्तर एकच, नाही. कुठे नाही आणि किती वेळ नाही हे बघायचं. जोराच्या सरीनंतर उघडीप मिळाली की दोन उड्डाणं करा: पहिलं लगेच, दुसरं चोवीस तासांनी. पहिल्यात पाणी सगळीकडे दिसेल, ते सोडून द्या. दुसऱ्यात जे उरलंय तेवढंच रंगवा. हा नकाशा ऑक्टोबरनंतर चर खणणाऱ्या ठेकेदाराच्या हातात द्यायचा. मातीच्या पोटात पाइप तुंबला असेल तर तोही बऱ्याचदा सापडतो: जुन्या चराच्या रेषेवर इतरत्र कोरडं आणि एका ठिकाणापासून पुढे ओलं. ड्रोन पावसात उडवू नका, पावसाळी बनावटीचा नसेल तर रिमझिमीतही नाही; मोटरपेक्षा आधी कॅमेरा स्थिर धरणारा गिंबल जातो.

निचऱ्यासाठी उंचीचा नकाशा हवा असेल तर तिथे काटेकोर व्हावं लागतं. फेअरवेचा उतार 1 टक्का, म्हणजे 10 मीटरला 10 सेंमी. साध्या जीपीएसवरच्या ड्रोनच्या उंचीतली चूक याच्या कितीतरी पट असते. वर, सरळ खाली बघून काढलेल्या फोटोंचा नकाशा मध्यभागी फुगतो किंवा खचतो, आणि मग सपाट मैदानाला नसलेला खळगा दिसतो. उपाय: 40 हेक्टरला आठ-दहा जमिनीवरच्या खुणा, सर्व्हेयरकडून सेंटिमीटरच्या अचूकतेने मोजून घेतलेल्या, शिवाय तीन-चार वेगळ्या खुणा फक्त पडताळणीसाठी, आणि कॅमेरा तिरका करून काढलेली एक आडवी फेरी. दर वेळी खुणा मांडायचा कंटाळा येत असेल तर स्प्रिंकलरची डोकी वापरा. ती हलत नाहीत, झाकण नकाशावर आठ-दहा ठिपक्यांचं दिसतं, मधोमध पांढऱ्या रंगाचा टिळा लावला की नेम चुकत नाही. एकदाच मोजा, पुढची अनेक वर्षं वापरा. मात्र डोकी टेकडावर आलीत किंवा खचलीत का ते आधी बघा. आणखी एक: नकाशात चेंबूरची उंची उणे पन्नास-साठ मीटर दिसली तर दचकू नका. उपग्रहांची उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली नसते आणि मुंबईत दोन्हींत एवढा फरक पडतो. उतार बघायला फरक पडत नाही, पण पालिकेच्या पर्जन्यजल वाहिनीच्या पातळीशी जुळवायचं असेल तर दुरुस्ती करूनच घ्या.

बंकरमधल्या वाळूची खोली ड्रोनने मोजून देतो असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या. वाळू 10 सेंमी, मोजमापाची चूक 3 ते 5 सेंमी. सळई खुपसा.

आता मल्टिस्पेक्ट्रल नकाशा, ज्यासाठी तुमच्याकडे कोटेशन आलंय. तो निकामी आहे असं माझं म्हणणं नाही. त्यातला एनडीव्हीआय म्हणजे जवळच्या इन्फ्रारेडमधून लाल वजा करून, दोन्हींच्या बेरजेने भागलेला आकडा. दाट, निरोगी गवतावर तो वरच्या टोकाला जाऊन बसतो आणि चांगलं व फार चांगलं यांतला फरक दाखवत नाही. ग्रीनसाठी रेड-एज पट्ट्यावरचा, म्हणजे लाल आणि इन्फ्रारेडच्या सीमेवरचा निर्देशांक मागा. लव्हाळा हिरवागार असतो, तो या नकाशात ‘उत्तम’ म्हणून येतो. वाळू टाकल्यावर आकडा पडतो, लोह फवारल्यावर गवत डोळ्यांना गडद दिसतं पण नत्र तेवढंच असतं, दव असताना उडवलं तर आकडे वेगळे, मोअर फिरल्यावर वेगळे. म्हणून उड्डाणाच्या आधी आणि नंतर राखाडी प्रमाणफळीचा (उजेडाचा फरक काढून टाकायला वापरतात त्या ठरावीक रंगाच्या फळीचा) फोटो घेतला का, हे विचाराच. घेतला नसेल तर मार्चचा नकाशा एप्रिलशी ताडून बघता येणार नाही, आणि दोन्ही छापून भिंतीवर लावण्यापलीकडे उपयोग नाही. दर महिन्याला म्हणजे वर्षात बारा नकाशे, पण जून ते सप्टेंबर ढगांचा उजेड मिनिटामिनिटाला बदलतो. त्या चार महिन्यांचे पैसे कशाचे, हाही प्रश्न विचारा.

थर्मल कॅमेऱ्याबद्दल एवढंच: तहानलेलं गवत दुपारी गरम होतं, कारण पानांतून पाणी उडत नाही. पण दमट हवेत भरल्यापोटी गवतही फारसं थंड राहत नाही, त्यामुळे मुंबईच्या मेमध्ये हा फरक मिटत जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये, समुद्रावरचा वारा सुरू होण्याआधीच्या कोरड्या वेळात, तो स्पष्ट मिळतो. गळकी पाइपलाइन शोधायला हा कॅमेरा एका दिवसापुरता भाड्याने आणा.

वेळेचं एक मुंबईचंच गणित आहे. पुस्तकं सांगतात की मध्यान्हीच्या आसपास उडवा, सावल्या लहान असतात. आपल्याकडे 15 मेच्या आणि 27-28 जुलैच्या सुमाराला सूर्य थेट डोक्यावर येतो. तेव्हा बरोबर मध्यान्हीला ड्रोनची सावली फोटोच्या मध्यावर पडते आणि तिच्याभोवती गवत चमकून उजळ डाग येतो, प्रत्येक फोटोत. जोडलेल्या नकाशावर मग रांगोळीसारखे ठिपके उमटतात, आणि कोणीतरी ते रोग म्हणून वाचतो. एप्रिल ते ऑगस्ट सकाळी साडेनऊ ते साडेदहा ठेवा. डिसेंबर-जानेवारीत दुपारी बारा उत्तम, सकाळच्या धुरक्यात रंग धुऊन निघतात. एका ऋतूसाठी एक वेळ ठरवली की दर वर्षी तीच.

घारी विसरू नका. हिवाळ्यात त्यांची घरटी असतात आणि त्या ड्रोनवर झडप घालतात. घार घिरट्या घालायला लागली की ड्रोन सरळ वर न्या, घारीला खडा चढ जमत नाही, मग बाजूला नेऊन उतरवा. पण वर जाताना मंजूर उंचीची मर्यादा तुमच्या डोक्यात असायला हवी, म्हणून मुळात 45-50 मीटरवरच काम करा, 60 ला टेकू नका. एप्रिलनंतर कावळे. संक्रांतीच्या आठवड्यात मांजा. माहुल-शिवडीच्या बाजूने मैदान असेल तर हिवाळ्यापासून मेपर्यंत खाडीत फ्लेमिंगो असतात, त्या दिशेला फेरी वळवू नका. उड्डाण मैदान बंद असेल त्या दिवशी, कारण खेळ चालू असताना चेंडूपेक्षा ड्रोनकडे बघणारा खेळाडू जास्त धोक्याचा. उतरवायला चटई ठेवा, छाटलेलं गवत आणि बंकरची वाळू मोटरमध्ये जाते. खाऱ्या हवेत बॅटरीचे संपर्कबिंदू हिरवे पडतात. डब्यात सिलिका जेल, आणि बॅटऱ्या निम्म्या चार्जवर ठेवून द्या.

तर तुमच्या प्रश्नाला उत्तर: पहिल्या वर्षी ड्रोन विकत घेऊ नका, आणि बारा महिन्यांचा करारही करू नका. परवानगी, प्रमाणपत्र, विमा ज्याच्याकडे तयार आहे अशा वैमानिकाकडून साध्या कॅमेऱ्याची पाच उड्डाणं घ्या. एक मेच्या शेवटी, 11 जूनच्या आसपास पाऊस यायच्या आत, चर आणि झाडांच्या वाळक्या फांद्यांसाठी. दोन जुलै-ऑगस्टच्या उघडिपीत, वर सांगितलेल्या जोडीचे. एक ऑक्टोबरच्या मध्याला, परतीचा पाऊस गेल्यावर. यावरूनच क्षेत्रफळं मोजा. आणि एक फेब्रुवारीत, पाण्याच्या फवाऱ्यासाठी. मल्टिस्पेक्ट्रल हवंच असेल तर फेब्रुवारीच्या उड्डाणाला एकदाच जोडून घ्या आणि साध्या फोटोत न दिसलेली किती ठिकाणं त्यात सापडली ते ग्रीनकीपरला मोजायला सांगा. तीनपेक्षा जास्त खरी निघाली तर पुढच्या वर्षीचा विचार.

करारात दोन ओळी घाला: मूळ फोटो आणि जिओटिफ (जागेचे अक्षांश-रेखांश सोबत असलेल्या फाइलचा) नकाशा क्लबच्या मालकीचा, आणि फोटोंत शेजारच्या इमारतींच्या खिडक्या आल्या तर त्या कापून मगच साठवायच्या. नुसती पीडीएफ मिळाली तर पुढच्या वर्षी तिच्यावर काहीच मोजता येत नाही. करार करण्याआधी पुरवठादाराला सरावाच्या ग्रीनचं एक उड्डाण फुकट करायला सांगा, नकाशावर त्याने लाल दाखवलेल्या तीन जागांवर त्याला घेऊन जा, आणि ग्रीनकीपरच्या हातात चाकू आणि ओलमापक द्या. तिथे तो काय बोलतो ते ऐकून किंमत ठरवा.